चौदा फुटांची खोली

२५ ऑगस्ट, रविवार

बुधवारच्या नोंदीत एक चूक आहे. तिथे मी लिहिलं, 'पुढची खोली चौदा फूट बाय दहा फूट, पूर्ण मोकळी. मशीनची बारा फुटी चौकट आरामात बसेल.' मापं बरोबर आहेत. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं आईच्या. 'पूर्ण मोकळी' हे चूक आहे. त्या खोलीत आत्याची कॉट आहे, कॉटखाली तिची पेटी आहे, आणि मी माप घेत होते तेव्हा त्या कॉटवर आत्या बसलेली होती. टेप सरळ जावा म्हणून तिने पाय वर घेतले होते.

लिहिताना मी हे कशी विसरले, कळत नाही. ओळ खोडता आली असती, पण या घरात वहीत खोडायची पद्धत नाही. ती शिस्त आत्याचीच. दम्यामुळे मला आठव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं. अक्षरं, पाढे, प्रार्थना, धावदोरा, सगळं मी हन्ना आत्याकडे शिकले, याच खोलीत. चुकलं की ती खोडरबर देत नसे. खाली नवी तारीख टाकायची, काय चुकलं ते लिहायचं आणि मग बरोबर काय ते लिहायचं.

तर बरोबर हे आहे: खोली चौदा बाय दहा. त्यात एक कॉट, सहा बाय अडीच. आणि एक माणूस.

२७ ऑगस्ट, मंगळवार

मशीन कशासाठी घ्यायचं, हे एकदा लिहून ठेवते, कारण रोज मनात वेगळं कारण येतं.

गोजरबाई आली होती. दिवाळी झाली की तिची टोळी ऊस तोडायला जाते ती उन्हाळ्यातच मिरजगावला परत येते. पाच महिने पालात झोपायचं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक घराला नवी गोधडी लागते. घरातल्या जुन्या साड्या त्या बायका आमच्याकडे आणून टाकतात. आई, आत्या आणि मी, तिघी बसलो तरी हाताने एक गोधडी व्हायला अठरा-वीस दिवस जातात. बाकीच्या बायका मग हायवेवर उभ्या राहणाऱ्या टेम्पोवाल्याकडे जातात. त्याच्या टेम्पोतच मशीन असतं, तासाभरात गोधडी हातात. पण टाका इंचभर लांब.

गोजरबाईने गेल्या वर्षीची ती गोधडी दाखवायला आणली होती. संक्रांतीलाच उसवलेली. आतल्या साड्या सरकून एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. "पोटात गोळा आल्यावानी झालंय बघ हिचं," म्हणाली. यंदा तिच्या टोळीला अकरा हव्या आहेत, सगळ्या आमच्याकडून. मी म्हटलं, एवढ्या कशा होतील. त्यावर ती आईकडे बघून म्हणाली, "तुमी तिघी मिळून देनार तीन. बाकीच्या आठ जनी काय वारं पांघरत्याल व्हय?"

म्हणून मशीन. टेम्पोवाल्यासारखं लवकर आणि आत्यासारखं बारीक. इतकंच कारण आहे. बाकीची कारणं (मला बँकेची परीक्षा पुन्हा द्यावी लागणार नाही, लोक विचारतात तेव्हा सांगायला काही असेल) खरी आहेत, पण ती दुसरी.

हल्ली आत्या दिवसभरात टाक्यांची एकच ओळ घालते. पूर्वी सहा-सात घालायची.

३१ ऑगस्ट, शनिवार

गेले दोन आठवडे मोबाईलवर परदेशी बायकांचे व्हिडिओ पाहिले. आईला समजावून सांगताना मला स्वतःला नीट कळलं. आपल्या शिलाई मशीनमध्ये मशीन जागेवर असतं आणि कापड सरकवायचं. गोधडीच्या मोठ्या मशीनमध्ये, त्याला लाँगआर्म म्हणतात, उलटं. कापड चौकटीवर ताणून दोन्हीकडच्या पाईपांवर गुंडाळलेलं असतं, आणि मशीनच रुळांवरून त्याच्यावर फिरवायचं, दोन्ही हातांनी दांड्या धरून. आई म्हणाली, म्हणजे आपण सारवतो तसं. मी हो म्हटलं. मग वाटलं, हो म्हणायला नको होतं, सारवताना हात एकाच बाजूला ओढला जातो, यात चारी बाजूंना जातो. तेही सांगितलं. आत्या कॉटवरून म्हणाली, "तिला कळलं ना? मग बास."

पुण्याच्या एजन्सीने नव्या मशीनचा आकडा पाठवला. तो वाचून आईने फोन उलटा ठेवला. गुजरातहून येणारं गाद्यांच्या कारखान्यातलं मशीन त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, पण त्याला थ्री फेज वीज लागते, आणि नक्षी एकच, आपल्या मनाने ओळ वळवता येत नाही. तिसरं टेबलापाशी बसून चालवायचं. जागा सगळ्यात कमी लागते, पण कापड आपणच ढकलायचं. चौथा मार्ग म्हणजे कोणी जुनं विकत असेल तर. आणि कुठलंही घेतलं तरी लाईटचं आमच्याकडे खरं नाही, इन्व्हर्टर लागणार.

आत्याने एकच प्रश्न विचारला: नीट दिसलं नाही तर सुईत दोरा ओवता येतो का. मी म्हटलं, ओवणी मिळते. मला वाटतं ती मशीनमध्ये खोट शोधते आहे. तिचा विरोध असणं साहजिक आहे. तिने चाळीस वर्षं हाताने केलेलं काम आम्ही तासावर आणणार.

४ सप्टेंबर, बुधवार

नगरला जाऊन टेबलावरचं मशीन चालवून पाहिलं. सोबत अर्धी झालेली गोधडी नेली होती, सात साड्यांचे थर. माझं म्हणणं असं की मशीन बघायचं तर आपल्या गोधडीवर बघायचं, दुकानदाराच्या रुमालावर नाही. दुकानदाराने गोधडी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि म्हणाला, "ताई, हे कापड नाही, भिंत आहे." तरी बसू दिलं. दहा मिनिटांत खांदे भरून आले, कारण ते सगळं ओझं मलाच ढकलायचं. मग सुई वाकली. मी सुईचे पैसे देऊ केले, तो हसला. परत येताना एस.टी.त सारखं वाटत होतं, बळेच द्यायला हवे होते.

घरी आल्यावर पाहिलं तर आत्याने आज घातलेली ओळ वाकडी होती. तिची ओळ वाकडी कधीच नसते. मशीनच्या बोलण्याने तिचं मन कामातून उठलं आहे, दुसरं काय. ती शेजारी गेली तेव्हा मी ती ओळ उसवून पुन्हा घातली. तिला सांगितलं नाही. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शिर्डीला जाऊन आले. सॅम्युएलने, माझ्या भावाने, पुण्याहून पत्ता पाठवला होता. वैजनाथ नावाचे गृहस्थ आहेत, हॉटेलांना रजया आणि बेडशीट पुरवतात. त्यांच्याकडे जुनं लाँगआर्म आहे. मशीन बाहेरून आणलेलं, चौकट तिथल्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली, बारा फुटांची. नवरात्रात घट बसले की त्यांचं नवं कॉम्प्युटरवालं येणार, त्याआधी जागा रिकामी हवी.

माझी गोधडी त्यांनी हसत चढवून दिली. मशीन चालवायला पंकजा नावाची मुलगी आहे, माझ्याच वयाची. मी दांड्या धरल्या त्या बैलाची शिंगं धरावीत तशा. ती म्हणाली, "दाबू नका ताई. नुसतं न्या." मी नेलं. सुई सातही थरांतून गेली, आणि टाका सारखा पडला. हात हळू गेला काय, जोरात गेला काय, टाक्याची लांबी तीच. त्यासाठी मशीनला एक छोटं चाक आहे, ते रुळावरून फिरतं आणि हाताचा वेग मशीनला कळवतं. तीन ओळी घातल्या. ओळी बघून मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बॉबिन कुठे मिळते ते विचारलं.

मालक चहा सांगायला गेले तेव्हा पंकजाने हळूच सांगितलं की ते चाक झिजलंय, फार जोरात नेलं की घसरतं आणि टाका मोठा पडतो. बदलून घ्या म्हणाली. मी हे वैजनाथांना विचारलं, पंकजाचं नाव न घेता. त्यांनी लगेच कबूल केलं आणि नवं चाक घालून देतो म्हणाले. मग वाटलं, पंकजावर ठपका आला असेल का.

नगर-मनमाड रस्त्याने हाडं खिळखिळी झाली. घरी येऊन सगळं सांगितलं. आत्याने त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. "चांगला आहे," म्हणाली. मी कॉटचा विषय काढला. मधल्या खोलीत, आई आणि मी झोपतो तिथे, कॉट बसेल. त्या खोलीला खिडकी नाही आणि मोरीकडे जायला दोन उंच उंबरे आहेत, हेही सांगितलं, लपवलं नाही. आत्या म्हणाली, "माझं मी बघेन. तू मशीनचं बघ."

म्हणजे मधली खोली तिला चालेल, असं मी धरते.

१५ सप्टेंबर, रविवार

सॅम एका दिवसासाठी आला. खोली पुन्हा मापली. चौकट चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना उभं राहायला जागा लागते, म्हणजे दहा फुटांची बाजू पूर्ण गेली. लांबीला बारा. तो म्हणाला, बरोबर बसतंय, जणू मापूनच बांधलीय खोली. गोधड्या दिवाळीपर्यंतच, पुढे वर्षभर काय, असं त्याने विचारलं. उत्तरही त्याच्याकडेच आहे: पुण्याच्या एका हॉटेलवाल्याशी तो डबलबेडच्या रजयांचं बोलून ठेवतो आहे, त्या नऊ फुटी असतात, म्हणून बारा फुटीच हवी. त्याचं डोकं व्यवहारात माझ्यापेक्षा पुष्कळ चालतं.

चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर तो तासभर आत्याजवळ बसला. एरवी तो तिच्याशी उभ्या उभ्या बोलतो. जाताना तिचं आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन गेला, काहीतरी काम आहे म्हणाला. मला बरं वाटलं. मी मशीनच्या नादात असताना तिच्याकडे कोणीतरी लक्ष देतं आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

कालपासून पितृपक्ष लागला. वैजनाथांचा फोन आला, किंमत आणखी कमी केली. कारण त्यांनीच सांगितलं: या पंधरा दिवसांत आपल्या लोकांपैकी कोणी मशीन उचलत नाही, आणि घटस्थापनेला तर जागा मोकळी हवीच. तुम्हाला काही अडचण नसेल ना, असं त्यांनी चाचरत विचारलं.

आम्हाला अडचण नाही. पण फोन ठेवल्यावर मन खाऊ लागलं. दुसऱ्याच्या श्रद्धेमुळे वस्तू स्वस्त होते आहे आणि आपण ती उचलतो आहोत, हे सरळ आहे का? तासाभराने मी त्यांना उलट फोन केला आणि हे विचारलं. ते बराच वेळ हसले. "ताई, तुम्ही घेताय म्हणून तर मी सुटतोय," म्हणाले. आई म्हणाली, जगात असा फोन करणारं गिऱ्हाईक त्यांना पुन्हा भेटणार नाही.

आत्या आवराआवरीला लागली आहे. पेटीची बिजागरी दुरुस्त करून आणली. जुनी गीतांची पुस्तकं चर्चमध्ये मंडळीच्या कपाटात देऊन आली. मला तिचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दिलं, म्हणाली, मशीनचा दोरा संपला तर कड हातानेच घालावी लागेल. मधल्या खोलीत जागा कमी म्हणून ती सामान हलकं करते आहे. तिचा राग गेला, हे पाहून मोकळं वाटलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गोजरबाई साड्यांचं गाठोडं घेऊन आली. मी आधीच सांगून टाकलं की मशीन पितृपक्षात येणार आहे, तुमच्या बायकांना चालणार नसेल तर आत्ताच सांगा. ती म्हणाली, "तुमची पितरं येगळी, आमची येगळी. त्यांचं त्यांनी बघावं." मग विचार करून म्हणाली, "पन पैली गोधडी माझी नगं टाकू. घट बसल्यावर टाक." म्हणजे पहिली गोधडी आमचीच करायची. मला हे पटलं.

जाता जाता तिने अंगावरचा पदर दाखवला. चांगली हिरवी साडी, आत्याची. म्हणाली, "आत्याबाईंनी दिली. नगरला ऱ्हायला चालल्यात तर तितं एवढी कापडं लागायची न्हाईत म्हनल्या." माझ्या तोंडाकडे पाहून तिने विचारलं, "तुला ठावं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, ठाऊक आहे.

हे मी खोटं बोलले. आपल्या घरातली गोष्ट आपल्याला बाहेरून कळते, याची लाज वाटली म्हणून बोलले.

आणखी एक लिहायचं आहे, ते न लिहिता ही वही मिटता येणार नाही. नगरला मंडळीने चालवलेलं म्हाताऱ्या बायकांचं घर आहे, ते स्वच्छ आहे, तिथे डॉक्टर येतो. गोजरबाईच्या तोंडून ऐकलं त्या पहिल्या क्षणी मला हे सगळं आठवलं, आणि पाठोपाठ मनात आलं, म्हणजे खोलीचा प्रश्न सुटला. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

आई अंगणवाडीत कामाला गेल्यावर आत्याजवळ बसले. ती साडीच्या पट्ट्या फाडत होती. विचारलं, तर तिने न लपवता बायबलमधून अर्ज काढून दिला. प्रवेश मंजूर झालेला. मंगळवारी, एक तारखेला, आमच्या चर्चचे पाळकसाहेब सभेसाठी नगरला जाणार आहेत, त्यांच्या गाडीतून ती जाणार. आईला ती आदल्या दिवशी सांगणार होती, म्हणजे रडारड एकाच दिवसाची.

अर्ज सॅमच्या अक्षरात आहे. 'तातडीच्या वेळी संपर्क' यापुढचा नंबर त्याचाच आहे. यावर मला आज काही लिहायचं नाही.

मी विचारलं, "कधी ठरवलंस?"

"तू टेप धरलास त्या दिवशी."

"पण मी मधल्या खोलीचं म्हटलं होतं ना."

"तिथं मला मोरीला जाताना रोज कुणालातरी उठवावं लागेल. तू किंवा तुझी आई." पट्टी फाडून तिने गुंडाळी केली. "चौदातून बारा गेले, दोन राहिले. माझी कॉट अडीचची. वजाबाकी तुला मीच शिकवली, एंजू. तू मांडली का नाहीस, ते मला कळेना. मग म्हटलं, हिला मांडायची भीती वाटते. आपणच मांडू."

मी म्हटलं, तुला मशीन नको आहे हे मला माहीत आहे, तर आपण घेऊच नको. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"कुणी सांगितलं मला नको? मला ओळ दिसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून. उन्हाळ्यात सॅम आला तेव्हा त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन आले, डोळ्याच्या पडद्याचं आहे, चष्म्यानं जाणार नाही. तू उसवून परत घालतेस ते दिसत नाही मला, पण बोटांना कळतं. या घरातून चांगली गोधडी बाहेर जावी, एवढंच मला पाहिजे. ती आता माझ्या हातून होत नाही. मशीनच्या हातून होईल. आणि मी खोली अडवून बसू?"

मग दोघींनी मिळून पट्ट्या फाडल्या.

तीन आठवडे मी या वहीत तिचा विरोध लिहीत होते. तो नव्हताच.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी गोजरबाईची आमच्याकडेच राहिलेली उसवलेली गोधडी अंगणात पसरून मापली. चार माणसांची, तिच्याकडची सगळ्यात मोठी. साडेसहा फूट रुंद. लांबीचा प्रश्नच नसतो, ती पाईपावर गुंडाळली जाते. मग आमच्या घरातल्या सगळ्या काढून मापल्या. साडेसहाच्या वर एकही नाही.

मग बारा फूट कुठून आले?

व्हिडिओतल्या बायकांकडून आले. त्यांचे पलंग तेवढे असतात. नंतर सॅमच्या हॉटेलवाल्याकडून आले. गोजरबाईसाठी मशीन घ्यायचं असं मी इथे लिहिलं, नगरला दुकानदाराला गोधडीचं वजन दाखवलं, शिर्डीला थर दाखवले, आणि तिची रुंदी मात्र एकदाही मापली नाही. खोली दोनदा मापली.

आठ फुटी चौकट पुरेल. खिडकीच्या भिंतीला कॉट आडवी लावली तर अडीच. मधे साडेतीन फूट उरतात. आत्याला खिडकी राहते आणि मोरीकडचं दार समोर.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वैजनाथांना विचारलं, चौकट कापता येते का. ते म्हणाले, ज्याने केली तो शेजारीच आहे, दोन-तीन तासांचं काम. पण एक लक्षात घ्या, म्हणाले: रूळ एकदा कापले की परत जोडता येत नाहीत, जोडावर चाक अडकतं. बारा परत होणार नाही. पितृपक्षात फॅब्रिकेटर काम करेल का, असंही मी विचारलं. "नवीन काही करत नाहीत ताई. कापायला कोणाची ना आहे?"

मग सॅमला फोन केला. तो ओरडला नाही, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. म्हणाला, नऊ फुटी रजया आठ फुटीवर होणार नाहीत, ते काम कायमचं जाईल, हे तुला कळतंय ना. मी हो म्हटलं. पुढचं वर्षभर काय करणार? माहीत नाही. आत्याला उद्या काहीच दिसेनासं झालं तर तिच्याकडे कोण बघणार, तू मशीनवर उभी असताना? मी म्हटलं, तेही माहीत नाही. तो म्हणाला, मी तिला घालवत नव्हतो, तीच म्हणाली होती. हे खरं असावं. तो खोटं बोलत नाही. त्याने निदान तिला विचारून अर्ज भरला. मी तर विचारलंही नव्हतं.

रात्रीपर्यंत मन चार वेळा बदललं. ज्या बायका वर्षाला दोन महिनेच गोधड्या मागतात त्यांच्यासाठी वर्षभराचं काम सोडायचं? आणि ते आत्याच्या नावावर टाकायचं, तिने मागितलं नसताना? तिला उद्या वाटेल की तिच्यामुळे आमचं नुकसान झालं. ते ओझं तिला देणं हे तिला नगरला पाठवण्यापेक्षा चांगलं आहे, असं मी कशावरून म्हणते?

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी आत्याला चौकटीचं सगळं सांगितलं, सॅमच्या हॉटेलवाल्यासकट. ती म्हणाली, "माझ्यासाठी काही कापायचं नाही." दोनदा म्हणाली. मी म्हटलं, गोजरबाईची गोधडी साडेसहा फुटांची आहे, म्हणून कापते आहे. ती म्हणाली, मला शिकवू नको.

मग मी तो प्रश्न विचारला, जो टेप धरला त्या दिवशी विचारायला हवा होता. कोण बघणार, काम किती जाणार, हे बाजूला ठेव. तुला नगरला जायचं आहे का?

बाहेर हायवेवरून दोन ट्रक गेले.

"नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "पण म्हणून काही कापायचं नाही."

ती पेटीत कपडे भरत राहिली. तिची तयारी मंगळवारची आहे आणि ती मोडणार नाही, मी तिला ओळखते. मी स्वतःलाही ओळखते. बारा फुटी चौकट घरात आणून मग कापू म्हटलं तर मी रोज सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून विचार करेन, आणि तोवर पाळकसाहेबांची गाडी जाऊन आलेली असेल. म्हणून तिथेच, समोर उभी राहून कापून घ्यायची, आणि मग भाड्याच्या टेम्पोत चढवायची.

मी बरोबर करते आहे याची मला खात्री नाही. खात्री झाल्यावर करायचं ठरवलं तर ती कधी होणार नाही.

आईला आज सगळं सांगितलं. ती आत जाऊन थोडा वेळ रडली. बाहेर आल्यावर येताना टेम्पोचा ड्रायव्हर सोबत असेल तर डबा दोघांचा भरू का, असं विचारलं. मी हो म्हटलं. वैजनाथांना कळवलं आहे. ते म्हणाले, उद्याच या. पण उद्या रविवार आहे, आणि उपासनेला आत्याला हात धरून मलाच न्यायचं आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर. सकाळी सहाची नगरची एस.टी., तिथून शिर्डी. आठ फूट.